सायकलस्वार आणि मोटार : एका रस्त्याचे दोन प्रश्न

रस्ता हा रावाचा आणि रंकाचा, दोघांचाहि असतो, असें म्हणण्याची जुनी पद्धति आहे. तत्त्व म्हणून तें खरें आहे. परंतु ज्या रस्त्यावरून दोन माणसें दोन निरनिराळ्या वेगांनीं जातात, त्या रस्त्यावर दोघांचा अधिकार कायद्यानें सारखा असला तरी व्यवहारांत सारखा राहत नाहीं, हा गेल्या सव्वाशें वर्षांचा अनुभव आहे. एकीकडे स्वतःच्या पायांच्या बळावर चालणारा सायकलस्वार आणि दुसरीकडे त्याच्या खांद्याला वारा लावून जाणारी टनभर वजनाची मोटार, यांची टक्कर झाली तर चूक कोणाचीहि असो, मरावयाचें कोणीं हें आधींच ठरलेलें असतें.

मग सायकलस्वारानें सुरक्षित कसें राहावें? हा प्रश्न ऐकावयास साधा आहे. पण त्याचीं दोन रूपें आहेत. ‘सायकलस्वारानें स्वतःला कसें वांचवावें?’ हें एक रूप. आणि ‘रस्ता कसा बांधावा, म्हणजे सायकलस्वाराची लहानशी चूक त्याच्या जिवावर बेतणार नाहीं?’ हें दुसरें. इंग्लंडनें १९३४ च्या सुमारास मुख्यतः पहिला प्रश्न विचारला. हॉलंडनें १९७३ च्या सुमारास दुसरा. प्रश्न निराळे, म्हणून उत्तरेंहि निराळीं आलीं. आणि त्या उत्तरांचे परिणाम दोन्ही देशांच्या रस्त्यांवर आजहि पाहावयास मिळतात.

प्रथम एक विसरलेली गोष्ट सांगितली पाहिजे. चांगला रस्ता मागितला तो आधीं सायकलवाल्यांनीं, मोटारवाल्यांनीं नव्हे. आगगाडी आल्यावर इंग्लंडांतील लांब पल्ल्याचे हमरस्ते ओस पडले, आणि त्यांची निगा राखण्याची कोणाला निकड उरली नाहीं. अशा काळांत, १८७८ सालीं, तेथील सायकलवाल्यांनीं आपला प्रवासी संघ स्थापन केला. पुढें १८८५ सालीं कॉव्हेंट्री येथें जॉन केंप स्टार्ले यानें दोन सारख्या चाकांची, सांखळीनें चालणारी सायकल बाजारांत आणली. तोंवर पुढें छातीएवढें चाक आणि मागें वीतभर चाक अशा गाडीवर तोल सांवरीत बसावें लागे. त्या मानानें नवी गाडी इतकी बिनधोक, कीं तिला ‘सेफ्टी’ हेंच नांव मिळालें. १८८८ सालीं बेलफास्ट येथील गुरांचा डॉक्टर जॉन डनलॉप यानें हवा भरलेली रबरी धांव काढली, आणि सायकल ही शौकिनांच्या हातून निघून कारकून, कारागीर व शिक्षिका यांच्या हातीं आली. याच दशकांत सायकलवाल्यांच्या संघांनीं रस्ते सुधारण्यासाठीं स्वतंत्र मंडळ काढलें आणि खडी, रुळणी व निचरा यांविषयीं सरकारदरबारीं तगादा लावला. त्या सुधारलेल्या रस्त्यांवरूनच पुढें मोटारी धांवूं लागल्या.

मोटारीला मात्र आरंभीं कायद्यानें जखडून ठेवलें होतें. १८६५ च्या कायद्याप्रमाणें यांत्रिक गाडीच्या पुढें साठ यार्डांवर एका माणसानें तांबडें निशाण घेऊन चालावें लागे. गाडीचा वेग गांवांत ताशीं २ मैल आणि गांवाबाहेर ४ मैल, याहून अधिक चालत नसे. १८९६ सालीं हलक्या मोटारींना या बंधनांतून मोकळें करण्यांत आलें आणि मर्यादा ताशीं १४ मैलांवर गेली. त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारांत मोटारींचें प्रदर्शन चालू असतां, एक स्त्री मोटारीखालीं सांपडून मरण पावली. पायीं चालणाऱ्याचा मोटारीनें झालेला ब्रिटनमधील हा पहिला मृत्यु. असें पुन्हा कधीं घडूं नये, अशी आशा तेव्हां चौकशीच्या वेळीं प्रगट करण्यांत आली. १९०३ सालीं मर्यादा ताशीं २० मैल झाली, मोटारीला क्रमांकाची पाटी आली. आणि १९३० च्या रहदारीच्या कायद्यानें मोटारींपुरती वेगाची मर्यादा साफ काढून टाकली. चार, चौदा, वीस, आणि मग अमर्याद, असा हा क्रम आहे. त्याच कायद्यानें परक्याला होणाऱ्या नुकसानीचा विमा सक्तीचा केला, हें त्याचें श्रेय; पण विमा मेलेल्या माणसाला उठवीत नाहीं.

परिणाम लौकरच दिसला. १९३४ सालीं ग्रेट ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसें मरण पावलीं, आणि त्या वेळीं देशांत सगळीं मिळून यांत्रिक वाहनें होतीं सुमारें २४ लाख. यांतील पुष्कळसे मृत्यु मोटारींत बसलेल्यांचे नव्हते, तर पायीं चालणाऱ्यांचे आणि सायकलवाल्यांचे होते. सकाळीं कारखान्याकडे आणि सायंकाळीं घराकडे जाणाऱ्या मजुरांचें तें वाहन होतें. त्यांचा मृत्यु म्हणजे एका कुटुंबाची चूल विझणें. सरकारला स्वस्थ बसणें अशक्य झालें. नवे वाहतूकमंत्री लेस्ली होअर-बेलिशा यांनीं मोठ्या हिरिरीनें कामास हात घातला. १८ मार्च १९३५ पासून वस्तीच्या भागांत ताशीं ३० मैलांची मर्यादा आली. १ जून १९३५ पासून नव्यानें मोटार हांकणाऱ्यांना परीक्षा सक्तीची झाली. पायीं चालणाऱ्यांच्या ओलांडणीपाशीं नारिंगी गोलांचे पट्टेदार खांब उभे राहिले, आणि त्यांना लोक मंत्रिमहाशयांच्याच नांवानें ओळखूं लागले.

सायकलवाल्यांसाठींहि एक उपाय योजण्यांत आला. लंडनच्या पश्चिमेस वेस्टर्न अॅव्हेन्यू या नव्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना, हँगर लेनपासून ग्रीनफर्डपर्यंत अडीच मैल लांबीचे आणि साडेआठ फूट रुंदीचे कांक्रिटचे सायकलमार्ग बांधण्यांत आले, आणि १४ डिसेंबर १९३४ रोजीं मंत्र्यांच्या हस्तें त्यांचें उद्घाटन झालें. सायकलवाले या देणगीनें आनंदित होतील अशी सरकारची समजूत असावी. घडलें तें उलट. सायकलवाल्यांच्या प्रवासी संघानें, आणि त्याचे चिटणीस जी. एच. स्टॅन्सर यांनीं, या मार्गांना कसून विरोध केला.

आज हा विरोध हट्टाचा वाटण्याचा संभव आहे. परंतु त्यांची बाजू ऐकून घेतली पाहिजे. त्यांचें म्हणणें असें होतें, कीं इंग्लंडचा रस्ता हा सायकलस्वाराचा जन्मसिद्ध हक्क आहे. तो त्यानें वापरून, सुधारून घेऊन मिळविलेला आहे. आज बाजूला मार्ग देतील, उद्यां म्हणतील ‘तुमचा मार्ग आहे ना? मग मूळ रस्त्यावर येऊं नका.’ ही भीति निराधार नव्हती. जर्मनींत १९३४ च्याच रहदारीच्या नियमांनीं जेथें सायकलमार्ग असेल तेथें तो वापरण्याची सक्ति सायकलस्वारांवर केली, आणि त्यायोगें मोटारींचा रस्ता मोकळा झाला. दुसरा आक्षेप याहून व्यवहारी होता. हे मार्ग सरळ रस्त्याच्या कडेनें सुखानें जात, आणि आडरस्ता फुटला कीं तेथें तुटत. परंतु सायकलस्वाराला खरा धोका चौकांत आणि फांट्यावर असतो. तेथें मोटार वळते, तेथेंच ती त्याची वाट आडवी कापते. ज्या ठिकाणीं रक्षणाची गरज सर्वांत अधिक, नेमका त्याच ठिकाणीं हा रक्षक गैरहजर असे.

असाच दुसरा वाद पाठीमागच्या दिव्याचा. १९२७ च्या कायद्यानें सायकलच्या मागें तांबडा दिवा किंवा प्रकाश परतविणारी तांबडी कांच असावी असें ठरविलें; १९३४ च्या कायद्यानें मागील चाकाच्या आच्छादनावर पांढरा पट्टा आला. दिवाच सक्तीचा करावा अशी मोटारवाल्यांची मागणी होती. सायकलवाल्यांचा संघ त्याला नकार देई. त्यांचा युक्तिवाद असा, कीं अंधारांत मोटार हांकणाऱ्यानें आपल्या दिव्याच्या उजेडांत जेवढें दिसतें तेवढ्या अंतरांत थांबतां येईल इतक्याच वेगानें जावें. पुढें कोण आहे तें पाहणें हें मागून येणाऱ्याचें काम आहे. आज दिवा मागाल, उद्यां दिवा विझला म्हणून मेलेल्यालाच अपराधी ठरवाल. महायुद्ध सुरू होतांच दिवा सक्तीचा झाला, आणि १९४५ च्या कायद्यानें तो कायमचा राहिला.

या वादांत सायकलवाल्यांचा निष्कर्ष चुकला, परंतु त्यांचें तत्त्व चुकलें नाहीं, असा निवाडा आज करतां येतो. मागचा दिवा जीव वांचवितो. तो लावण्यांत कमीपणा नाहीं. परंतु दिवा, पट्टा, घंटा, पांढरे कपडे हे सगळे उपाय ज्याच्यापासून धोका नाहीं त्याच्याच माथीं मारावयाचे, आणि ज्याच्यापासून धोका आहे त्याचा वेग आवरावयाचा नाहीं, ही वांटणी न्यायाची नव्हती. युद्धानें ती गोष्ट भयंकर रीतीनें सिद्ध केली. हवाई हल्ल्यांच्या भयानें दिवे मालविलेल्या रस्त्यांवर १९४१ सालीं ९,१६९ माणसें मेलीं. ब्रिटनच्या रस्त्यांवरील तो आजवरचा उच्चांक आहे.

युद्धानंतर काय झालें? १९४९ सालीं ब्रिटनमधील लोक सायकलवरून सुमारें १,४७० कोटी मैल फिरले. १९७३ सालीं तोच आंकडा सुमारें २३० कोटींवर आला. सायकलस्वारांचे मृत्यु त्या काळांत घटले, यांत शंका नाहीं. पण ते घटले याचें मोठें कारण असें, कीं मरावयास रस्त्यावर सायकलस्वारच उरले नाहींत. ज्यांना परवडली त्यांनीं मोटार घेतली, ज्यांना भीति वाटली त्यांनीं मुलांना सायकल देण्याचें बंद केलें. रस्ता सुरक्षित झाला नाहीं. तो रिकामा झाला. आंकड्यांच्या कोष्टकांत या दोन गोष्टी सारख्याच दिसतात, आणि म्हणून आंकडे वाचणाऱ्यानें सावध असावें लागतें.

आतां समुद्र ओलांडून हॉलंडकडे वळूं या. हॉलंड म्हणजे सायकलींचें माहेरघर, तेथील लोकांच्या रक्तांतच सायकल, असा एक समज आहे. या समजामुळें इतर देशांना आपला आळस झांकतां येतो. परंतु इतिहास त्याला दुजोरा देत नाहीं. देश सपाट आहे हें खरें, आणि युट्रेक्ट शहरांत १८८५ सालींच सायकलींसाठीं वेगळी वाट राखली गेली हेंहि खरें. परंतु याच देशानें १९२४ सालीं सायकलवर ३ गिल्डरांचा कर बसविला, आणि कर भरल्याचा धातूचा बिल्ला सायकलला लावणें भाग पाडलें; तो कर १९४१ सालीं रद्द झाला. सायकलस्वारांनीं १८८३ मध्यें काढलेला राष्ट्रीय संघहि पुढें पुढें मुख्यतः मोटारवाल्यांची संस्था होऊन बसला. युद्धानंतर सुबत्ता आली आणि तिच्याबरोबर मोटारी आल्या. जुनीं घरें पाडून रस्ते रुंद झाले, चौक मोटारी उभ्या करण्याच्या जागा झाले, आणि सायकलींची संख्या रस्त्यावरून वर्षागणिक ओसरूं लागली. इंग्लंड ज्या वाटेनें गेलें त्याच वाटेला हॉलंड लागलें होतें.

१९७१ सालीं त्या चिमुकल्या देशांत रस्त्यांवर सुमारें ३,३०० माणसें मेलीं. लोकसंख्या तेव्हां होती अवघी १ कोटी ३० लाखांच्या आसपास. मेलेल्यांत ४०० हून अधिक मुलें होतीं. शाळेंत जाणारीं, अंगणांतून रस्त्यावर आलेलीं, चेंडूमागें धांवलेलीं. त्यांतच व्हिक लांगेनहोफ या पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी होती; ती सायकलवरून शाळेस जात असतां मोटारीच्या धडकेनें गेली. १९७२ च्या सप्टेंबरांत त्यानें ‘द टैड’ या वृत्तपत्रांत लेख लिहिला. त्याचा मथळा होता, ‘बालहत्या थांबवा’. अपघात हा शब्द त्यानें टाकून दिला, यांतच त्या लेखाचें सामर्थ्य होतें. अपघात म्हणजे कोणाच्या हातीं नसलेली गोष्ट. हत्या म्हटली कीं ती कोणीतरी थांबवूं शकतो, असा अर्थ आपोआप येतो.

त्याच नांवाची संघटना उभी राहिली. तिच्या पहिल्या अध्यक्षा मार्ट्ये फान पुटेन या त्या वेळीं तरुण होत्या. पुढें त्या युरोपीय पार्लमेंटच्या सभासद झाल्या. या चळवळीचें वैशिष्ट्य असें, कीं तिच्यांत आयाबाया आणि मुलें अग्रभागीं होतीं. त्यांनीं रहदारीचे रस्ते कांहीं काळ अडविले आणि त्या जागीं मुलांचे खेळ मांडले; जेथें मुलें दगावलीं तेथें सभा भरविल्या; अर्ज केले. पंतप्रधान योप डेन औल यांच्या घरापर्यंत सायकलींवरून जाऊन त्यांनीं दाराशीं गाणीं म्हटलीं, आणि पंतप्रधानांनीं बाहेर येऊन तीं ऐकलीं. मोटारीचा द्वेष त्यांच्या मागणीच्या मुळाशीं नव्हता. मूल तें मूल, तें चुकणारच, त्याच्या चुकीला मृत्यु ही शिक्षा असतां कामा नये, एवढीच ती मागणी होती.

अशा वेळीं एका आकस्मिक संकटानें हात दिला. १९७३ च्या ऑक्टोबरांत अरब राष्ट्रांनीं हॉलंडला खनिज तेल देण्याचें बंद केलें. सरकारनें ४ नोव्हेंबर १९७३ पासून कांहीं रविवार मोटारींना बंदी केली. त्या रविवारीं लोकांनीं आपले हमरस्ते मोटारीवांचून पाहिले; मुलें सायकली घेऊन, पायांना चाकें बांधून त्यांवर बागडलीं. मोटार ही हवेपाण्यासारखी अपरिहार्य वस्तु आहे हा समज त्या कांहीं रविवारांनीं ढिला केला. पण तेलटंचाई अनेक देशांत आली आणि गेली. बहुतेक ठिकाणीं ती संपतांच सर्व पूर्ववत् झालें. हॉलंडांत तसें झालें नाहीं, कारण तेथें मागणी घेऊन उभे असलेले लोक आधींच रस्त्यावर होते. १९७५ सालीं सायकलस्वारांनींहि आपला नवा संघ काढला आणि नगरपालिकांच्या मागें लकडा लावला.

पुढचा भाग चळवळीइतका चित्तवेधक नाहीं, परंतु खरा बोध तेथेंच आहे. सरकारनें प्रथम हेग आणि टिलबर्ग या दोन शहरांत एकेक नमुनेदार सायकलमार्ग बांधून पाहिला. हेगमध्यें दुकानदारांनीं आपलें गिऱ्हाईक तुटेल म्हणून आरडाओरडा केला. मार्ग झाले, त्यांवर सायकली वाढल्या, पण शहरांत एकंदर सायकलींचें प्रमाण वाढलें नाहीं. कारण उघड होतें. मनुष्याला घरापासून शाळेपर्यंत किंवा बाजारापर्यंत जावयाचें असतें. मधला एक मैल निर्धोक आणि अलीकडचा-पलीकडचा जिवावरचा असेल, तर आई मुलाला सायकल देत नाहीं. म्हणून डेल्फ्ट शहरानें १९७९ च्या योजनेप्रमाणें पुढील दशकांत एक मार्ग न बांधतां मार्गांचें जाळेंच विणलें: शहरभर जाणाऱ्या मोठ्या वाटा, त्यांना जोडणाऱ्या वाडीवस्तीच्या वाटा, आणि मधल्या लहान लहान पायवाटवजा वाटा. एखादा पूल, एखादा भुयारी रस्ता, एवढ्या तुटक दुव्यांनीं हें जाळें पुरें झालें, आणि तेथें सायकलींचा वापर वाढला.

त्याच डेल्फ्टनें दुसरीहि एक कल्पना दिली. राहत्या गल्लींतून पदपथ आणि रस्ता हा भेदच काढून टाकावा. झाडें, बाकडीं, वळणें यांनीं गल्लीचें अंगण करावें. आणि तींत मोटारीनें पाहुण्यासारखें, पायीं चालणाऱ्याच्या गतीनें यावें. १९७६ सालीं या ‘राहत्या अंगणा’ला कायद्याची मान्यता मिळाली. पुढें १९८० नंतरच्या दशकांत, याहून कमी खर्चाचा उपाय म्हणून, वस्तीच्या भागांत ताशीं ३० किलोमीटरची मर्यादा रूढ होऊं लागली.

या सर्व खटाटोपाच्या मुळाशीं जें शास्त्र आहे तें साधें आहे. आघाताची शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ताशीं ३० किलोमीटरांची मोटार ५० किलोमीटरांनीं जाऊं लागली, तर तिच्या धडकेंतील शक्ति दुप्पट नव्हे, पावणेतीन पटीच्याहि किंचित् वर जाते. थांबण्याचें अंतरहि असेंच वाढतें: ब्रिटिश नियमावलीच्या कोष्टकाप्रमाणें ताशीं २० मैलांनीं जाणारी मोटार १२ मीटरांत थांबते, ३० मैलांनीं जाणारीस २३ मीटर लागतात. म्हणजे जें मूल पंधरा मीटरांवर अचानक पुढें आलें, तें एका मोटारीपासून वांचतें आणि दुसरीखालीं सांपडतें. यावरून डच लोकांनीं दोन सूत्रें काढलीं. जेथें सायकल व मोटार एकत्र चालावयाच्या तेथें मोटारीचा वेग सायकलच्या जवळपास आणावा. आणि जेथें मोटारीला वेगानें जाऊं द्यावयाचें, तेथें सायकलला तिच्यापासून कठडा, झाडी किंवा उंचवटा यांनीं वेगळें करावें. तिसरें सूत्र चौकाचें. आडरस्त्याच्या तोंडाशीं सायकलमार्ग तुटत नाहीं. उलट मोटारीलाच उंचवटा चढून, वेग कमी करून तो ओलांडावा लागतो. वेस्टर्न अॅव्हेन्यूवर जें उणें होतें, नेमकें तेंच येथें भरून काढलेलें आहे. स्टॅन्सर यांच्या अनुयायांनीं असा मार्ग पाहिला असता, तर त्यांना कदाचित् इतका राग आला नसता.

कायद्यानेंहि हाच कल धरला. हॉलंडच्या १९९४ च्या रहदारीच्या कायद्यांतील १८५ व्या कलमाप्रमाणें मोटारीची धडक सायकलस्वारास किंवा पायीं चालणाऱ्यास बसली, तर नुकसानभरपाईची जबाबदारी सामान्यतः मोटारवाल्यावर येते. जखमी व्यक्ति चौदा वर्षांखालील असेल तर जवळजवळ सर्वस्वी, आणि मोठी असेल तर तिची चूक दिसली तरी निदान अर्धी. हा फौजदारी दोष नव्हे. जो अवजड वस्तु घेऊन लोकांत वावरतो त्यानें तिची जोखीमहि उचलावी, एवढाच त्याचा आशय आहे. चौकांत उजवीकडून येणाऱ्या सायकलस्वारास मोटारीनें वाट द्यावी, हा हक्क मात्र १ मे २००१ रोजीं मिळाला. सायकलींच्या देशालाहि एवढी साधी समता देण्यास एकविसावें शतक उजाडावें लागलें.

हॉलंड म्हणजे स्वर्ग झाला असें मात्र समजूं नये. २०२२ सालीं तेथें रस्त्यांवर सुमारें ७४० माणसें मेलीं, आणि त्यांपैकीं सुमारें २९० सायकलस्वार होते. त्यांत वृद्धांचा भरणा मोठा होता. विजेच्या सायकलींनीं म्हाताऱ्या माणसांना दूरवर नेलें, आणि पडलें तर हाड मोडण्याचें वयहि तेंच. परंतु लोकसंख्या १ कोटी ३० लाखांवरून पावणेदोन कोटींच्या पलीकडे गेली, मोटारी कितीतरी पटींनीं वाढल्या, आणि तरीहि ३,३०० चा आंकडा ७४० वर आला. आणि इंग्लंडप्रमाणें रस्ता रिकामा करून नव्हे, तर लोक सायकलींवर असतांना आला, हें महत्त्वाचें आहे.

इंग्लंडची कथाहि १९७३ पाशीं संपत नाहीं. १९३१ सालीं एका पेनीला मिळणारी रहदारीची जी नियमावली प्रथम छापली गेली, तिची नवी आवृत्ति २९ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. जो दुसऱ्यास अधिक इजा करूं शकतो त्याची जबाबदारी अधिक, असें तींत आरंभींच सांगितलें आहे. सायकलस्वाराच्या शेजारून ताशीं ३० मैलांपर्यंतच्या वेगानें जातांना निदान दीड मीटर अंतर सोडावें, आणि मोटारीचें दार शक्य तेव्हां दूरच्या हातानें उघडावें, म्हणजे मान आपोआप मागें वळून येणारी सायकल दिसते, असेंहि तींत आहे. ही दार उघडण्याची संवय डच लोकांच्या नांवानेंच ओळखली जाते. सायकलवाल्यांचा संघ जें तत्त्व १९३४ मध्यें मांडीत होता, तें नियमावलींत ठळकपणें यावयास जवळजवळ नव्वद वर्षें लागलीं.

याचा अर्थ सायकलस्वारानें स्वतः कांहींच करूं नये असा नाहीं. पुढें पांढरा आणि मागें तांबडा दिवा असावा; उभ्या मोटारींच्या दारांपासून हातभर दूर, सरळ रेषेंत आणि नागमोडी न घेतां चालावें; वळण्यापूर्वीं मागें पाहून हात दाखवावा; आणि वळूं पाहणाऱ्या मालमोटारीच्या कडेला कधींहि शिरूं नये, कारण उंचावर बसलेल्या हांकणाऱ्याला तेथील माणूस दिसतच नाहीं. हें शहाणपण प्रत्येकानें बाळगावें. परंतु तें मोठ्या माणसाचें शहाणपण आहे. सात वर्षांच्या मुलाकडून त्याची नित्य अपेक्षा करतां येत नाहीं, आणि थकल्याभागल्या मजुराकडूनहि नाहीं. जेथें शहाणपण संपतें तेथें बांधणीनें हात द्यावयाचा असतो.

महाराष्ट्रांतील वाचकांना हा प्रश्न परका नाहीं. पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून देशभर नांवाजलेलें होतें. शिक्षक, विद्यार्थी, गिरणी-कारखान्यांतील कामगार आणि दूधवाले यांच्या घंटांनीं तेथील पेठा जाग्या होत. ती ओळख आपोआप पुसली नाहीं. यांत्रिक दुचाकी आणि मोटारी वाढल्या तसतसा सायकलस्वार रस्त्याच्या कडेला आणि कडेवरून घरांत ढकलला गेला. भारतांत २०२२ सालीं रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मरण पावलीं, आणि त्यांपैकीं ३२ हजारांहून अधिक नुसतीं पायीं चालणारीं होतीं. २०१७ च्या अखेरीस पुणें महानगरपालिकेनें सायकलींसाठीं सर्व शहराची एक योजना मंजूर केली. योजना मंजूर होणें हा आरंभ. हेगचा एक मार्ग आणि डेल्फ्टचें जाळें यांतील अंतर ध्यानांत घेतलें, तर पुढचें काम केवढें आहे हें समजतें. आपल्या पेठेंतील शाळेपर्यंत मूल एकटें सायकलवरून जाऊं शकेल काय, आणि जाऊं शकत नसेल तर वाट नेमकी कोणत्या चौकांत तुटते, हें प्रत्येक वस्तींतील पालकांनीं एकदां पायीं हिंडून पाहावें, आणि त्या चौकाचें नांव घेऊन नगरसेवकाकडे जावें. हॉलंडमधील आयाबायांनीं १९७३ मध्यें याहून निराळें कांहीं केलें नव्हतें.